उलट्या हाताची गिटार

निशिगंधा मॅडमनी गिटार कव्हरमध्ये घातली, चेन अर्धी ओढली, तोच आतल्या खोलीतून हौसाबाईंचा आवाज आला.

"ती खाली ठेव."

सून रीमा चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. चाळीस वर्षं भाईंदरच्या बाजारात बोंबील-मांदेली विकून कमावलेला आवाज तो. पूनम सागर सोसायटीत राहायला आल्यापासून तिथला सेक्रेटरीही त्याला वचकून होता.

"अहो आई, मीच बोलावलंय यांना. समोरच्या बिल्डिंगमध्ये गिटारचा क्लास घेतात. गिटार निकेतची. तुमचा नातू आता बंगळुरूहून येऊन थोडीच वाजवणार आहे? तोच म्हणाला फोनवर, देऊन टाक."

"त्यानं तुला सांगितलं. मला कुनी इचारलं?" हौसाबाई बाहेर आल्या.

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही काय वाजवणार आहात?"

रीमा हसली. मॅडमही हसल्या, पण बेतानं, परक्याच्या घरात हसावं तसं.

हौसाबाईंना ते दुसरं हसू जास्त झोंबलं. गेले सात महिने रोज दुपारी, घर रिकामं झालं की मोबाइल उशीला टेकवून त्या शिकत होत्या. बोलल्या नव्हत्या कुणाला. बोलल्या असत्या तर गिटार त्याच दिवशी माळ्यावर गेली असती, आणि म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला ही बातमी चार मजले फिरून आली असती. आता गप्प बसावं तर गिटार दाराबाहेर चालली. वाजवावी, आणि या दोघींसमोर अडखळावं, तर गिटारही जाणार आणि अब्रूही.

"आन हिकडं," त्या म्हणाल्या. पदर खोचून सोफ्यावर बसल्या आणि गिटार कव्हरमधून काढून मांडीवर घेतली.

"आजी, उलटी धरलीत!" मॅडम पुढे झाल्या. "दांडी डाव्या हातात येते. तुमची उजव्या हातात आहे."

"मोबाइलवरच्या मास्तराची ज्या बाजूला दिसते, त्याच बाजूला माझी हाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तो तुमच्यासमोर तोंड करून बसलेला असतो हो! त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसणारच. आरशात बघून शिकल्यासारखं झालं हे. तुमच्या सगळ्या ताराही वरच्या खाली आणि खालच्या वर. काही जुळणार नाही अशानं."

"न्हायच जुळलं. पंधरा दिस पत्र्याचा डबा बडवल्यागत वाजत व्हती. मंग डोले मिटले आनि येकेक तार कानानं धरली. त्याची जाडी तार वर, माझी खाली. झालं."

"पण हे सगळं सोडावं लागेल, आजी. पहिल्यापासून शिकावं लागेल."

"सोडू की. आदी आयक."

हळदीचं गाणं होतं. नवरीला हळद लावताना हौसाबाईंची आई म्हणायची ते. मोबाइलवरच्या मास्तरानं ते जन्मात ऐकलं नसेल. त्यानं शिकवलेल्या तीन कॉर्डवर हौसाबाईंनीच ते बसवलं होतं. पहिली ओळ नीट निघाली. दुसरीला बोट सरकलं आणि एक तार कण्हली. रीमाची भुवई वर गेली.

हौसाबाई थांबल्या नाहीत. भरल्या बाजारात टोपली कलंडली म्हणून कोण घरी जातं? त्यांनी तीच ओळ पुन्हा उचलली, आणि या वेळी वर गळाही सोडला. बाजारात हाळी देणारा खरखरीत गळा, पण सुराला चोख. डाव्या हाताचा ठेका पक्का बसला. दार उघडंच होतं. शेजारच्या हंसाबेन हात पुसत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अरे, ये हौसाबेन बजाती है? मैं तो समझी, टीव्ही चालू रहता है दोपहर को!"

कुणी तिकडे पाहिलं नाही. रीमाच्या हातातला ट्रे तसाच होता, चहावर साय धरली होती. शेवटची ओळ संपली. हौसाबाईंनी तळवा तारांवर ठेवला आणि घर एकदम शांत झालं.

"सूर उलटा आला का?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी रिकामं कव्हर उचललं, त्याची नीट घडी घातली आणि रीमाच्या पुढ्यात ठेवलं. मग हौसाबाईंच्या शेजारी बसल्या.

"जरा द्या बघू."

त्यांनी गिटार हौसाबाईंसारखी धरली, दांडी उजव्या हातात. दहा वर्षं तारा दाबल्या त्या डाव्या हातानं. उजव्या हाताची बोटं अजून लोण्यासारखी मऊ होती, आणि कुठं जायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एक तार बोटात रुतली. मॅडमनी "स्स्" करून हात झटकला.

"तितं न्हाय." हौसाबाईंनी त्यांचं बोट चिमटीत धरलं आणि बरोब्बर तारेवर नेऊन टेकवलं. "हितं. दाब. आजून दाब, घाबरू नको."

"दुखतंय हो, आजी."

"दुखंल चार दिस," हौसाबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी ये."