बैठकीची उंची

टेबलावर अकरा दात होते. सहा वरचे, पाच खालचे. सगळे आदल्या रात्री कोरून झालेले, रंग अजून चढायचा होता. शेजारी एक दिवा, एक भिंग, चार ब्रश आणि पाण्याची वाटी. टेबलापुढे वर-खाली होणारी एकच खुर्ची, आणि तिच्यात ताई.

ताई खिडकीकडे तोंड करून एका दाताची कड न्याहाळत होत्या. मालकीणबाई त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्याला आज सकाळीच बोलावलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "येईलच इतक्यात. रात्रीचं काम बंद करावं म्हणते. त्याच्या जागी दिवसाचा माणूस घेते. तुमचं काय म्हणणं?"

दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात बनवून देणारी ती छोटीशी लॅब होती. ताईंना तिथे सगळे कोंबडा म्हणत. उजाडायच्या आत त्या कुलूप उघडत आणि दुपारी काम आटोपून जेवायला घरी जात. दुपार कलली की दुसरा कारागीर येई. त्याला घुबड म्हणत. टेबल एकच, पण वर्ष होत आलं तरी दोघांची गाठ पडली नव्हती. कोरणं त्याच्याकडे होतं, कारण दिव्याचा उजेड तिरपा पाडला की दातावरची बारीक रेघसुद्धा सावली टाकते. रंग मात्र दिव्याखाली फसवतो. तो सकाळच्या उजेडात जुळतो, म्हणून रंगवणं ताईंकडे.

"कोरायचं कोण?" ताईंनी विचारलं.

"नवा माणूस कोरेल की. दिवसा पडदा ओढायचा आणि दिवा लावायचा. झाली रात्र."

मालकीणबाईंना ताईंचा होकार गृहीतच होता. रात्री जागणाऱ्यांबद्दल ताईंचं मत साऱ्या लॅबला पाठ होतं. उशिरा उठणाऱ्याची अर्धी अक्कल उशीवरच राहते, असं त्या म्हणत. उदाहरणादाखल स्वतःच्या मुलाचं नाव घेत.

ताईंनी दात खाली ठेवला. "त्याला राहू द्या."

"हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय. बसतो नीट तो. आपल्या कामात मान अवघडली की हात थरथरतो. बैठक बरोबर तर हात बरोबर. आधीचा आठवतो ना? रोज सकाळी खुर्ची एकीकडे, दिवा दुसरीकडे. चहाआधीच माझं डोकं फिरायचं. हा आल्यापासून मला खुर्चीला हात लावावा लागलेला नाही. बरोबर माझ्याच मापाचा माणूस आहे."

"तुमच्या मापाचा?" ताई मालकीणबाईंच्या जेमतेम खांद्याला लागत. "तुम्ही पाहिलंय त्याला?"

"पाहायचं कशाला? खुर्ची सांगते."

मालकीणबाई काही बोलणार होत्या, तेवढ्यात दार उघडलं. आत येताना त्याने सवयीने मान वाकवली आणि चौकटीखालून आला. डोळे अर्धवट मिटलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

ताईंनी त्याला खालून वर पाहिलं. वेळ लागला.

"तुम्हीच रात्रीचे?"

"हो, ताई."

"मग या खुर्चीत तुम्ही बसता कसे?"

"वर करून."

"आणि मग?"

"जाताना खाली करून ठेवतो. तुमची चाळीस सेंटिमीटर, माझी बावन्न. पहिल्याच दिवशी पट्टी लावून बघितलं होतं. दिवापण तुमच्या जागेवर सरकवतो."

"रोज?"

"रोजच." त्याने जांभई गिळली. "माणूस अंधारात उठतो आणि शहाण्यासारखा कामाला लागतो, याचं मला फार नवल वाटतं, ताई. मला आज सकाळी यायचं तर तीन गजर लागले. आईने तोंडावर पाणी मारलं ते वेगळंच. तुम्ही एवढं उठून यायचं आणि वर खुर्ची लावत बसायचं?"

ताईंनी खुर्चीच्या दांड्याकडे पाहिलं. त्या रोज जशा बसत, तशाच उठून जात. चाळीसवर.

"म्हणजे तुम्ही आलात की आधी खुर्ची वर करायची, मग काम."

"त्यात काय? मी येतो तेव्हा चांगला जागा असतो."

मालकीणबाई हसू दाबत खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी विषय जागेवर आणला. "तर ताई, पडदा लावून बघायचा ना? अजून वेळ गेलेली नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ताई म्हणाल्या. "आणि पडदा ओढला म्हणून रात्र होत नाही. हा दिवसा इथे बसला तर आडवा होईल, आणि मी रात्री बसले तर दाढेला सुळ्याचा रंग देईन. चाललंय ते चालू द्या."

मालकीणबाईंनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे तर."

त्याला ते नीटसं कळलं नसावं. तो उभ्या उभ्या भिंतीला टेकला होता.

"नोकरी शाबूत आहे तुझी," ताई म्हणाल्या. तुम्हीवरून त्या तूवर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नाही. "जा, घरी जाऊन झोप आधी."

तो मान वाकवून बाहेर पडला.

दुपार कलल्यावर तो परत आला तेव्हा तो पुरता जागा होता. ताई गेल्या होत्या. त्याने पिशवी खुंटीला अडकवली, खाली वाकला आणि बैठकीखालच्या खटक्याला हात घातला. मग हात काढून घेतला. ड्रॉवरमधली पट्टी घेऊन त्याने जमिनीपासून बैठकीपर्यंत लावली.

बावन्न सेंटिमीटर.