सत्तावीस मिलिमीटर

"पुन्हा तेच! वर चढून बसलाय बघ, मानाच्या जावयासारखा."

उस्ताद इंजिनाच्या ब्लॉकवर ओणवे होऊन पुटपुटत होते. बाई टॉर्च धरून त्यांच्या कानाशीच उभ्या होत्या, म्हणून त्यांना ऐकू आलं. बाई म्हणजे त्यांची बायको. संसार आणि गॅरेज त्यांनी एकाच पदराला हात पुसत चालवलं होतं.

बाईंनी वाकून पाहिलं. पिस्टन ब्लॉकच्या काठापेक्षा चांगला चार मिलिमीटर वर आला होता. वर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, बसवून इंजिन फिरवलं असतं तर पहिल्याच फेऱ्यात सगळ्याचा चुरा.

लेकीच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन होतं ते. गेल्या वर्षी घाटातल्या वळणावर गाडी उलटली आणि लेकीच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ती दवाखान्यातून घरी आली, त्याच दुपारी उस्तादांनी इंजिन खोललं. "आता असं बांधतो, की वळणातून ओढून बाहेर काढेल हिला," एवढंच म्हणाले. ती "बरं" म्हणाली. विषय मिटला.

बेत साधा होता. मोठा क्रँक घालायचा, म्हणजे पिस्टनची धाव वाढते, ताकद वाढते. पण पिस्टन वरही जास्त चढतो, म्हणून तो बुटका हवा. पिनेपासून माथ्यापर्यंत मूळचे एकतीस मिलिमीटर, तर आता सत्तावीस.

"मी सत्तावीस सांगितलं होतं," उस्ताद म्हणाले. मग जरा थांबून, "सांगितलं होतं ना?"

लेक गाडीपासून दोन हात लांब, दाराशी उभी होती. उस्तादांचे हात सदा ऑइलने माखलेले, म्हणून ते मापं सांगत आणि ती टिपून ऑर्डर पाठवत असे. तिने वही पुढे केली. स्वच्छ अक्षरात एकतीस.

"जुनाच आकडा तोंडात आला असेल, बाबा," ती हळूच म्हणाली. "होतं असं."

होत नव्हतं. उस्तादांचं असं कधीच होत नव्हतं. पण दोन महिन्यांपूर्वी क्रँक आला तो भलत्याच इंजिनाचा. मग पिस्टन आले ते सिलिंडरमध्ये शिरेनात. आता हे. आणि शर्यत तीन आठवड्यांवर.

बाईंनी टॉर्च विझवला. थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या हरवल्या, मग रस्ते, शेवटी माणसं.

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, आपण बांधलेलं पहिलं इंजिन. त्याचं सिलिंडर केवढं हो होतं?"

"बहात्तर पूर्णांक चार," उस्ताद घास न थांबवता म्हणाले. "आणि तू तेव्हा रॉकेलच्या बादलीत बांगडी पाडली होतीस."

बाईंची धास्ती आणखीच वाढली. जुनं लख्ख आठवतं, कालचं पुसलं जातं. दुपारी गुपचूप फोन केला तेव्हा डॉक्टरीणबाई हेच तर म्हणाल्या होत्या.

"उद्या दहाला माझ्याबरोबर चला. गुडघा दाखवायचाय."

"गुडघा?"

"ठणकतोय."

"तुझ्या गुडघ्याच्या दवाखान्यातून संध्याकाळी फोन आला होता," उस्ताद म्हणाले. "पेशंटच्या मेंदूचे आधीचे फोटो असतील तर घेऊन या, म्हणाले. हुशार दिसतो तुझा गुडघा."

कुणी हसलं नाही. लेकीने ताटातल्या भाताचे ढीग केले, मोडले, पुन्हा केले.

उस्ताद उठले, हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. मग मायक्रोमीटर मऊ फडक्याने पुसून त्याच्या डबीत ठेवला आणि डबी बाईंच्या ताटाशेजारी सरकवली.

"आजवर माझ्या एका इंजिनाने कुणाला दगा दिला नाही. पण ज्याला सत्तावीस आणि एकतीस यांतला फरक लक्षात राहत नाही, त्याने बांधलेल्या गाडीत मी माझी पोर बसवणार नाही. हे इंजिन नाही, दुसरंही नाही. आजपासून शटर खाली."

"अहो, असं काय लगेच..." बाईंनी डबीवर हात ठेवला. डबी अजून कोमट होती.

"लगेच नाही गं. तीन वेळा झालं." उस्तादांनी हसायचा प्रयत्न केला. "दादालाही आपण असंच म्हणायचो ना, होतं असं?"

लेकीचा हात डाव्या खांद्यावर गेला होता. ती बराच वेळ वडिलांच्या स्वच्छ धुतलेल्या, रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही सत्तावीसच म्हणाला होतात," ती म्हणाली. "तिन्ही वेळा मापं मी बदलली. मला त्या गाडीत पुन्हा बसायची भीती वाटते."