मोडली एकदाची

लेकीच्या लग्नाच्या आमंत्रणाचं वेबपेज आपणच करायचं, असा आईने हट्टच धरला होता. व्हिडिओ बघून बघून ती बरंच शिकलीही होती. फक्त ओळ काही मोडत नव्हती. एंटर दाबून दाबून बोट दुखलं, तरी पानावर लेकीचं नाव, होणाऱ्या जावयाचं नाव, तारीख, हॉलचा पत्ता, सगळं एकमेकांना चिकटून एकाच लांबलचक ओळीत. आणि संध्याकाळी तर सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवायची होती!

शेवटी कुठल्याशा व्हिडिओत तिला 'बीआर' नावाचा इवलासा कोड सापडला. तिने तो लेकीच्या नावापुढे टाकला, पान पुन्हा उघडलं आणि खुर्चीतून उडीच मारली.

"मोडली! अगं, मोडली एकदाची!"

आतल्या खोलीतून लेक धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. रडतेय की हसतेय, काही कळेना.

"तुला कोणी सांगितलं गं? त्याचाच फोन आला ना? मी एंगेजमेंट मोडली हे ऐकून तू घर डोक्यावर घेशील म्हणून चार दिवस तोंड शिवून बसले होते. आणि तू तर नाचतेयस!"

आईने लेकीच्या खांद्यावरून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. वरच्या ओळीत लेकीचं नाव एकटंच, मोकळं, ऐसपैस बसलं होतं.

तिने हात लांब करून लॅपटॉप हळूच मिटला.

"आईला सगळं कळतं," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून तिने आणखी एक उडी मारली.