कोरी पट्टी

चौकट पाण्याबाहेर आली आणि साहेबांनी टाळी वाजवली. "आरसा आहे, आरसा!"

चौकटीत दोन पट्ट्या होत्या. एकीवर कंपनीचा नवा पॉलिमरचा लेप, दुसरी कोरी, तुलनेपुरती. अख्खा हंगाम दोघी समुद्रात शेजारी शेजारी बुडून होत्या. लेपवाली स्वच्छ निघाली, ते ठीकच. पण कोरीही स्वच्छ होती. ना शेवाळ, ना एक शिंपलं. धक्क्याच्या खांबांवर मात्र बोट ठेवायला जागा नव्हती, इतकी कालवं.

कंपनीच्या केमिस्टबाईने कोरी पट्टी उलटून पालटून पाहिली. लेप नुसता गुळगुळीत आहे म्हणून त्यावर काही टिकत नाही, विष नावालाही नाही, असं कंपनीने छापलं होतं. मग शेजारणीच्या वाटेला कोणी का गेलं नाही? गुळगुळीतपणा काही पाण्यातून पलीकडे जात नाही. जातं ते विष.

तिने ते साहेबांना सांगितलं, एकदा आडून, एकदा सरळ. साहेब हसले. म्हणाले, लोक लेप वाईट निघाला म्हणून रडतात, तुम्ही फार चांगला निघाला म्हणून रडताय. कोरी पट्टी बदला, शिंपल्यांनी भरलेली दुसरी कुठली तरी लावा, फोटोत फरक दिसला पाहिजे. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या तलावाच्या भिंतींना लेप द्यायचाय. तलाव मुलांच्या पोहण्याचा होता, पाणी समुद्राचंच. शिंपल्यांनी पोरांचे पाय कापतात म्हणून नगरपालिकेनेच लेप मागवला होता.

पाळणाघर बंद असल्याने तिची लेक ठमी आज कडेवर होती. दिसेल ते तोंडात घालायचं वय. त्या तलावात ही पोहायची कमी, प्यायचीच जास्त.

साहेबांना फोटोची कल्पना तिथल्या तिथे सुचली. त्यांनी लेपावरून स्वतःचा तळवा फिरवला, मग ठमीचं बोट धरून पुढे ओढलं. "लाव बेटा हात. कसं मऊमऊ आहे बघ."

बाईने मनगट पकडलं. लेकीचं नव्हे, साहेबांचं.

"आधी तुम्ही चाटून दाखवा, सर."

"काय म्हणालात?"

"जीभ लावा. विष नाहीये ना?" आवाज चढला नव्हता, दात तेवढे आवळलेले होते.

साहेबांनी हात सोडवून घेतला. तिने कोरी पट्टी पिशवीत घातली, तोंडाला गाठ मारली आणि ही मी नगरपालिकेत नेऊन देते म्हणाली. तेव्हा ते चिडले. कोणाच्या पगारावर घर चालतं, दारात किती केमिस्ट उभे आहेत, पोरं घेऊन कामावर येणाऱ्या बायकांना कोण ठेवून घेतं, सगळं ऐकवलं. ती चालू लागली, तर तिच्या मागे मागे येत ऐकवलं.

धक्क्याच्या टोकाशी तिने वळून पाहिलं. साहेब अजून बोलतच होते, आणि बोलता बोलता रुमालाने तळवा पुसत होते. पुसून झाला, तरी पुसत होते.