हाकेचं अंतर

ज्या घरातून हाकेला ओ यायला जितका वेळ लागेल, तितकं ते घर लांब तरंगायचं. आईच्या लोणच्याची बरणी यशवंतदादानं पळवली, तेव्हापासून हेमलतानं त्याला हाकच मारली नव्हती. त्याचं घर पार ढगांपलीकडे गेलं होतं.

आज या अंतराचं गणित सुधारलं म्हणे. तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तर समोर दादा, गालाला दाढीचा साबण.

“माझ्या खिडकीत काय करतोस?”

“मी कुठे आलोय? घर आलंय! न मारलेल्या हाकेचाही आता अंदाज बांधतात.”

“मग? काय निघाला अंदाज?”

“मारून बघ की.”

“दा...”

“ओ!”

दोन्ही घरांत मिळून एकच खिडकी उरली. बरणी तिच्या बाजूला आली.