आजोबांची निळी खुर्ची

"झाली का रे माझी खुर्ची?" फोनवर आजोबांनी विचारलं.

"होत आली, आजोबा. एक बेअरिंग तेवढं यायचंय."

बेअरिंग कालच बसलं होतं. खुर्ची समोरच होती. निळी, हलकी, पुसून लख्ख. नुसतं बोट लावलं तरी पळत होती.

"खाटेवर पडून पाठ धरली रे. खिडकीपर्यंतसुद्धा जाता येत नाही. पण तू सावकाश कर, घाई नको."

घाई नको म्हणाले, तिथेच तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

व्हीलचेअर दुरुस्तीचं दुकान ताईचं. ती काउंटर सांभाळायची, मागचं सगळं काम त्याच्याकडे. खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणायचे.

"बेअरिंग यायचंय?" ताईने मान वर न करता विचारलं.

"आजच्यापुरती नेतोय. संध्याकाळी पोचवतो."

"तो माणूस तिकडे खाटेवर, आणि तू त्याच्या खुर्चीत बसून मुलगी बघायला."

"बाकीच्या सगळ्या करकरतात, ताई. पहिल्या भेटीत चांगलं दिसायला नको?"

धोब्याने गिऱ्हाइकाचा शर्ट घालून लग्नाला जावं, तसला प्रकार होता हा. त्याला कळत होतं. पण शर्ट अंगाला बसला की धोबीसुद्धा मुंडावळ्या शोधायला लागतो.

ताईने पेन खाली ठेवलं. "मला एक सांग. लग्न जमवायची साधी साइट काय वाईट होती? तुझ्यात काय कमी आहे म्हणून त्या साइटवर गेलास?"

"साध्या साइटवर किती दिवस काढले मी? 'हाय'च्या पुढे गाडी जात नव्हती. जरा माझ्याबद्दल सांगितलं की तिकडे सामसूम."

ते खरंच होतं. आणि अपंगांच्या त्या साइटवर तो आधी गेला होता दुकानाची जाहिरात टाकायला. तिथे तिचा फोटो दिसला. व्हीलचेअरच्या हँडलला छत्री अडकवलेली, आणि चेहऱ्यावर 'बघ काय बघायचंय ते' असा भाव. जाहिरात राहिली बाजूला. तिला मेसेज करायचा तर आधी स्वतःची माहिती भरायची होती. काय वापरता? काठी, कुबडी, व्हीलचेअर. त्याचं बोट जरा वेळ तसंच हवेत राहिलं. मग व्हीलचेअरवर टिचकी मारली. फोटो टाकला छातीपर्यंतचा.

साइटवर तिचं नाव होतं चिमटा.

"पाना आणि चिमटा," तिने पहिल्याच दिवशी लिहिलं. "एकाच डब्यातले दिसतोय."

वीज कंपनीच्या तक्रार विभागात ती फोन घ्यायची. दिवसभर लोकांचे बहाणे ऐकायची आणि संध्याकाळी त्याला त्यांच्या नकला पाठवायची. साधी साइट तिनेही करून पाहिली होती. "एक जण म्हणाला, तुम्ही फार धीराच्या आहात. म्हटलं, मग जेवायला ने. तर धीर त्याचाच सुटला. चालणाऱ्यांना तेव्हापासून लांबूनच नमस्कार."

एकदा तिने बुटांचा फोटो पाठवला. "कॉलेजपासूनचे आहेत, तळ अजून कोरे. आता बोल. आपली एवढी एकच बचत."

त्याने हसण्याची पाच-सहा चित्रं पाठवली. मग बराच वेळ फोन उलटा ठेवून बसला.

"तिला सगळं सांगितलंयस?" ताईने विचारलं.

"सांगेन की."

"कधी? पोरं शाळेत जायला लागल्यावर?"

तो खाली वाकला. बुटांना सकाळीच मन लावून पॉलिश केलं होतं, तरी वरून परत एकदा फडकं मारलं.

"मी काही पाहिलं नाही," म्हणत ताईने दार धरलं.

रस्त्याला चढ होता. तळहात सोलवटले. एका माणसाने न विचारताच मागून ढकलायला हात लावला, आणि एका बाईने लेकराला ओढून वाट करून दिली. दोघांना 'थँक्यू' म्हणताना त्याची मान वर होईना.

कॅफेच्या दारात ती आतल्या बाजूला थांबली होती. "पायरी नाही म्हणून यांनी फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "ही काय मग, शोभेची?"

वेटर ओशाळला. त्याने मागून खुर्ची धरून तिरकी केली, पुढची चाकं वर घेतली आणि पान्याला तिच्यासमोर आत आणून ठेवलं.

ती बघत होती. मग हसली, पण जरा उशिरा.

कॉफी आली. साइटवर तोंड न थांबणारी चिमटा गप्पच. शेवटी म्हणाली, "खुर्ची छान आहे. नवी?"

आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. "माझी नाहीये. गिऱ्हाइकाची आहे. एक आजोबा आहेत. त्यांना सांगितलं, बेअरिंग यायचंय." त्याने मान खाली घातली. "तुझ्यावर छाप पडावी म्हणून आणली. लाज वाटतेय मला."

"आजोबा कुठे आहेत?"

"घरी. खाटेवर."

"आणखी काही सांगायचंय?"

त्याने कप उचलला. कप रिकामा होता, तरी प्यायला. "नाही. एवढंच."

"मी रोज फोनवर बहाणे ऐकते रे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लोक एक लहानसं खरं सांगून टाकतात. मोठं पोटात राहतं."

त्याने रिकामा कप बशीत ठेवला.

"माझ्या बुटांचा फोटो आठवतो?"

"हो."

"वेटरने तुला तिरकं केलं ना, तेव्हा तुझे बूट माझ्या नाकासमोर आले. पॉलिश चांगलं केलंयस." तिने आपली खुर्ची टेबलापासून मागे घेतली, वळवली, हँडलची छत्री सारखी केली. "तळ मात्र पार झिजलेत. टाचा तर अर्ध्या गेल्यात."

मग दाराकडे जाता जाता म्हणाली, "ऊठ, आणि ती खुर्ची आजोबांना देऊन ये. चालत गेलास तर अंधाराच्या आत पोचशील."