दहा ते सहा

मेकॅनिकने टीव्हीचा अख्खा पडदा राखाडी केला आणि तो दोन पावलं मागे सरकला. मालिकेतल्या चेहऱ्यांवर सावल्या दिसतात, ही तक्रार तिनेच नोंदवली होती.

"ओएलईडी आहे ना ताई, एकच चित्र तासन्‌तास राहिलं की असे डाग पडतात. पण साहेबांनी काळजी तर सगळी घेतलीय. लॅपटॉपची खालची पट्टी लपवलीय, वॉलपेपरही काळा."

"मी सांभाळूनच वापरतो," नवरा घाईने म्हणाला. वर्षभर तो याच टीव्हीला लॅपटॉप जोडून, हॉलचं दार लावून, ऑफिसचं काम करत होता. दहा ते सहा या वेळात तिने घरात मिक्सर लावला नव्हता. खोबरंसुद्धा ती सकाळी उठल्या उठल्या वाटून ठेवायची.

"मग हे चौकोन कसले?" मेकॅनिकने पडद्यावरून बोट फिरवलं. "वर चार, खाली सात. ऑफिसचं काहीतरी सॉफ्टवेअर असणार."

ती जवळ जाऊन बघत राहिली. कॉलेजात असताना कावीळ झाली, तेव्हा अंथरुणात बसून तिने हा डाव शेकडो वेळा मांडला होता. एकट्याने खेळायचा, पत्त्यांचा.

"हे ऑफिसचं नाही," ती म्हणाली.

मेकॅनिक उगाच रिमोट उलटसुलट करून बघू लागला.

"नोकरी गेली त्याच दिवशी सांगणार होतो," नवरा फरशीकडे बघत म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. सव्वाअकरा वाजले होते. तिने ओलं खोबरं भांड्यात टाकलं, झाकण घट्ट बसवलं आणि मिक्सर लावला.